कसोटीचा दगड आणि यंत्राची साक्ष

माणूस कसाला उतरला, असे मराठीत सहज म्हटले जाते. पण हा कस मुळात सोन्याचा. काळ्या कसोटीवर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, त्यांवर तेजाब लावायचे आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे, ही सराफाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. अनुभवी डोळ्याला तिच्यातून पुष्कळ कळते. परंतु ते दागिन्याच्या पृष्ठभागाचे. आत काय आहे, याविषयी कसोटी मौन पाळते.

हे मौन कोणाला महाग पडते, ते गरौठ्यासारख्या गावी ध्यानात येते. झाशी जिल्ह्यातील हे तहसिलीचे ठिकाण. १७२९ साली छत्रसालाच्या साहाय्यास पहिला बाजीराव धावून गेला आणि या बुंदेलखंडाशी मराठ्यांचा निकटचा संबंध जडला. प्रदेश अवर्षणाचा. पावसाने दगा दिला की शेतकऱ्याच्या घरातील स्त्रियांच्या अंगावरची चांदी विकायला किंवा गहाण ठेवायला निघते. तो दागिना केवळ शोभेचा नसतो. ती घराची शिल्लक असते. परीक्षा चुकली तर पुढच्या हंगामाचे बियाणे बुडते.

अशा वेळी साधा तराजूही मोठे काम करतो. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड असते. म्हणून शुद्ध चांदीचे १०५ ग्रॅमचे भरीव कडे पाण्यात बुडवून तोलले, तर वजन १० ग्रॅमने कमी भरते. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हरचे कडे सुमारे १२ ग्रॅम गमावते. आर्किमिडीजचे हे तत्त्व दागिन्याला ओरखडाही न काढता आतली बातमी सांगते. मात्र कडे पोकळ असेल किंवा आत लाख भरलेली असेल, तर हाच तराजू फसतो.

आता क्ष-किरणांची यंत्रे आली आहेत. क्ष-किरण पडताच प्रत्येक धातू आपले विशिष्ट किरण बाहेर टाकतो आणि त्यांवरून क्षणभरात धातूंचे प्रमाण कळते. पण हे यंत्रही वरचा अत्यंत पातळ थरच पाहते. मुलामा जाड असला तर तेही चकते. म्हणून सोन्याचा अखेरचा निवाडा आजही अग्नीच करतो. थोडीशी वानगी शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवून हिणकस धातू वेगळे काढतात, मग तेजाबाने चांदी विरघळवतात आणि उरलेले सोने तोलतात.

रत्नांची गोष्ट अधिक नाजूक आहे. याच बुंदेलखंडात पन्ना येथे हिऱ्यांच्या खाणी आहेत. पण चमक पाहून हिरा ओळखणे धोक्याचे. उष्णता हिऱ्यातून झपाट्याने वाहते, या गुणावर चालणारे छोटे उपकरण काचेला तत्काळ उघडे पाडते. मोइसनाइट या खड्याला मात्र ते हिराच समजते. माणकाचेही तसेच. इंग्लंडच्या राजमुकुटातील प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ वस्तुतः स्पिनेल आहे. प्रकाश किती वळतो ते मोजणारे उपकरण हा भेद दाखवते: माणकाचा वक्रीभवनांक सुमारे १.७६, स्पिनेलचा १.७२. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्नूयने भट्टीत घडवलेल्या माणकाचा अंकही खाणीतल्या माणकाइतकाच भरतो. तेथे सूक्ष्मदर्शकच हवा. आतल्या वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे भट्टीची साक्ष देतात.

तात्पर्य, प्रत्येक यंत्र विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते. एकाच्या साक्षीवर निकाल देणारा पारखी घाई करतो. दोन-तीन साक्षी जुळवणारा न्याय करतो.

या न्यायाला कायद्याचेही बळ मिळाले आहे. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवरील शुद्धतेच्या ठशाची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. भारतीय मानक ब्यूरोची खूण, बावीस कॅरटसाठी ९१६ यासारखा कसाचा आकडा आणि सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक त्यात असतो. ब्यूरोने मान्यता दिलेल्या केंद्रात सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून आपला दागिना तपासून घेता येतो. हे ज्ञान सराफाच्या पेढीपुरते राहू नये. दागिना विकणाऱ्या स्त्रीने ‘माझ्यासमोर तोला, माझ्यासमोर तपासा’ असे निःसंकोच म्हणावे, आणि सचोटीच्या सराफाने तो अविश्वास न मानता तिचा हक्क मानावा. त्या परीक्षेत धातूबरोबर व्यवहारही कसाला लागतो.