तरुण नोकरदारांना हवं तरी काय?

आजचा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. मुलगा दीड वर्षात तिसरी नोकरी धरतो आणि आईवडील कपाळाला हात लावतात. ऑफिसातले साहेब म्हणतात, या पिढीला कष्ट नकोत. वडील म्हणतात, आम्ही एका खुर्चीवर तीस वर्षं काढली. मग या मुलांना हवं तरी काय?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. सकाळी नऊच्या सुमारास करी रोड किंवा लोअर परळ स्टेशनाबाहेर उभं राहावं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हजारो मुलंमुली जुन्या गिरण्यांच्या आवारात शिरताना दिसतात. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावं राहिली. साचे गेले, ऑफिसं आणि मॉल आले. याच गिरणगावातल्या कामगारांनी आपल्याला काय हवं ते एकदा कागदावर लिहून दिलं होतं.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. फॅक्टरी कमिशनपुढे मांडायच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर गंभीर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी. यातला रविवार हाती यायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्याआधी एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली होती आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या.

ही यादी आजच्या मुलामुलींपुढे ठेवली तर ते म्हणतील, आम्हालाही जवळजवळ हेच हवं आहे!

पहिली गोष्ट वेळेची. गिरणीचा भोंगा कुणाला आवडत नसे. पण भोंगा पाळी सुरू करायचा तशी संपवायचाही. पाळी सुटल्यावर माणूस आपला असे. भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी हे सगळं त्या सुटलेल्या वेळेतून उभं राहिलं. आज भोंग्याच्या जागी मोबाईल आहे. तो काम सुरू करतो, संपवत मात्र नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो आणि मुलगी जेवता जेवता 'ओके सर' लिहिते. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही, पण मागणी कुठून आली ते समजतं.

उलट बाजूनेही जोर लागतो आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करण्याविषयीचं बोलणं गाजलं. या कंपनीचं मुख्य कार्यालय आपल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. सुपारीबागेपासून ते काही फार दूर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांसाठी रोजची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांसाठी ९ वरून १२ तासांवर नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असं सांगितलं जातं. पण घड्याळात न मोजल्या जाणाऱ्या तासांचं काय? २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात तोच वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवलं होतं आणि ते पत्र देशभर वाचलं गेलं. कंपनीने ते कारण मान्य केलं नाही. पण ते पत्र वाचून हजारो घरांतले आईबाप रात्री उशिरा येणाऱ्या आपल्या मुलांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले.

दुसरी गोष्ट कायमपणाची. गिरणीत 'बदली कामगार' असायचे. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम मिळायचं. आज बँकेच्या दारात कार्ड विकणारा मुलगा बँकेचा नसतो, तो कंत्राटदाराचा असतो. कपड्यांवर नाव एका कंपनीचं, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरीचं. त्याला काय हवं असतं? आपण नेमके कुणाचे नोकर, पीएफ भरला जातो का, हे कळायला हवं असतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलं आहे. ते हातात पडतं का, हे घरच्यांनीही विचारावं.

तिसरी गोष्ट शरीराची. एकाच आवारात वरच्या मजल्यावर लॅपटॉपवाली मुलं असतात आणि खाली मॉलमध्ये गणवेशातल्या विक्रेत्या मुली. या मुली अनेक ठिकाणी दिवसभर उभ्या असतात. बसायला स्टूल मिळावं यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात तरतूद केली. स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यावरून काय ते समजावं. आणि कामावर पोचण्याचं काय? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, माणसं वाढली, पूल मात्र जुनाच अरुंद राहिला होता. थोडं उशिरा या, थोडं लवकर निघा, एवढी सवलत मुलं मागतात ती चैन म्हणून नव्हे.

चौथी गोष्ट १८८४ च्या अर्जात नव्हती. मुलांना शिकायचं असतं. गिरणीत नवा पोरगा गाववाल्याच्या किंवा काकाच्या शेजारी उभा राहून साचा शिकायचा. आज संगणकावर चार चित्रफिती दाखवतात आणि टार्गेट देतात. चुकलं कुठे ते वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये कळतं. तेव्हाच्या तेव्हा सांगणारं जाणतं माणूस मुलांना हवं असतं.

साहेबांची बाजूही खोटी नाही. माणूस तयार व्हायला वर्ष लागतं आणि तयार झाला की तो निघून जातो. लहान धंद्याला हे परवडत नाही. काही मुलं न कळवता येणंच बंद करतात, तेही बरोबर नाही.

पण ती न बोलता का जातात? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर लालबाग-परळच्या कितीतरी घरांतली चूल थंडावली. तेव्हापासून या घरांत मुलांना एकच शिकवण मिळाली, तोंड मिटून नोकरी कर. नातवंडांनी ती पाळली. ती भांडत नाहीत, सभा घेत नाहीत. ऑफिसात युनियन नाही, तक्रार ऐकणारा एचआरवाला कंपनीचाच. मग सोसेल तेवढं सोसतात आणि राजीनामा पाठवतात. लोखंड्यांच्या अर्जावर ५,५०० सह्या होत्या, आजच्या अर्जावर एकच सही असते. म्हणून साहेबांना वाटतं, हा त्या एका मुलाचा हट्ट आहे.

तेव्हा साहेबमंडळींना सांगावंसं वाटतं, वर्षभरात आलेले राजीनामे एकदा एकत्र वाचून पाहा. आणि आईवडिलांनो, मुलाने नोकरी सोडतो म्हटल्यावर लगेच 'आमच्या वेळी' सुरू करू नका. किती वाजता सुटतोस, पगार कधी होतो, शिकवतं कोण, एवढं आधी विचारा. कदाचित चूक त्याची असेलही. पण निदान कुणीतरी विचारलं, हे त्याला कळेल.