कायद्याचा धडा शाळेत, उजळणी विहारात

(विहाराच्या वर्धापनदिनी आटगाव येथे केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली; पुढचे शिक्षण कसारा लोकलमध्ये, मांडीवर पुस्तक ठेवून. बोलण्यात काही चुकले तर पदरात घ्यावे.

आधी आमचीच चूक सांगतो. एके दिवशी खात्यात स्वेच्छा निवृत्तीचा कागद फिरला. इंग्रजीत होता. पुढच्याने सही केली म्हणून आम्ही केली, आमची बघून मागच्याने केली. पुढे वकिलाने वाचून सांगितले तेव्हा कळले की, यापुढे आमचे काहीही मागणे राहिलेले नाही, असे आम्हीच लिहून दिले होते! वकील म्हणाले, "सही करायच्या आधी का नाही आलात?" आम्ही खाली मान घातली. सभेत संविधानावर तासभर बोलणारे आम्ही, पण स्वतःचा कागद वाचला नाही.

मध्यंतरी आमच्या धाकटीच्या शाळेत शहापूर कोर्टातल्या वकीलताई कायदा शिकवायला आल्या होत्या. पोरगी घरी आली ती विचारतच, "बाबा, तो सहीचा कागद दाखवा." इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही तो पेटीतून काढला. गेलेले परत येणार नाही. पण नववीतली पोर कागद मागते, हे आम्हाला फार मोठे वाटले.

हे वकील शाळेत का येतात? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. तालुक्यापासून दिल्लीपर्यंत त्याच्या समित्या आहेत. लोकांना कायदा समजावून सांगणे हेही त्यांचे कामच आहे. या कायद्याचे कलम १२ मुलांनी पाठ करावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार, वेठबिगारीत सापडलेले, अशांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. बौद्धांनाही १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, म्हणून आपणही त्यात येतो. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आणि ही वाट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. १९२८ साली ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले, १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य. वकिलीही केली आणि पोरांना कायदाही शिकवला. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी आपण प्यालो. त्याच वर्षी विरोधकांनी दावा लावला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याचा हक्क कागदावर टिकवायला दहा वर्षे लढावे लागले.

आता थोडे कडू बोलतो. शिबिर एक दिवसाचे असते. हारतुरे होतात, फोटो निघतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. शिवाय ज्याला कायद्याची गरज जास्त, ते पोर त्या दिवशी वर्गात नसतेच. आपल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात; पोरेही बरोबर जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, हे त्या पोराला कोण सांगणार? वकीलमंडळींना आमची हात जोडून विनंती आहे : शाळेत या, पण एक फेरी भट्टीवरही मारा.

आणि आपण काय करायचे? महिन्यातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, मुलांनी घरातला एक कागद आणावा. रेशनकार्ड, सातबारा, जातीचा दाखला, पगाराची चिठ्ठी, काहीही चालेल. तो मोठ्याने वाचावा. जे कळणार नाही ते वहीत लिहावे. ती वही शहापूरच्या तालुका विधी सेवा समितीकडे न्यावी आणि वकिलांना विहारात बोलवावे. तोवर अडचण आली तर १५१०० हा मोफत फोन आहे. हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवू. रंगाचा खर्च आमचा.

मातांनो, घरात कागद आला की अंगठा किंवा सही करण्याआधी तो पोराच्या हातात द्या. त्याला कळला नाही तर थांबा. "उद्या वाचून सही करतो" एवढे म्हणायची हिंमत त्या दिवशी आमच्यात असती, तर आज आम्ही हे रडगाणे गायलो नसतो.

एवढे बोलून आमचे दोन शब्द पुरे करतो. जयभीम! नमो बुद्धाय!