परलोकीचे पाहुणे

मेक्सिको देशात नोव्हेंबरच्या १ व २ तारखेस घरोघर पाहुण्यांची वाट पाहिली जाते. हे पाहुणे त्या त्या घरातलेच, परंतु मृत्यू पावलेले. वर्षातून एकदा ते आप्तांच्या भेटीस येतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. या सणाचे नावच मुळी 'मृतांचा दिवस' असे आहे. पहिला दिवस अकाली गेलेल्या बालकांचा, दुसरा वडीलधाऱ्यांचा. चिमुकल्यांनी आधी घरी यावे, या क्रमातच केवढी माया आहे!

घरात मेज मांडून त्यावर मृताची तसबीर ठेवतात. दूरच्या प्रवासाने तो तहानलेला असणार, म्हणून पेलाभर पाणी. शेजारी मीठ, तेवत्या मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूप आणि त्याच्या आवडीचे जेवण. आजोबांना मद्य प्रिय असेल तर त्याचीही बाटली येते. सोवळेओवळे येथे आड येत नाही. बालकासाठी खेळणे ठेवतात. साखरेच्या कवट्यांवर नावे घालतात, आणि ती पुष्कळदा जिवंत मित्रांची असतात! पाहुणे अन्नाचा केवळ सुगंध घेतात असे मानले जाते. मागाहून ते अन्न घरच्यांनी खायचे.

मेजापर्यंत फुलांच्या पाकळ्यांची वाट आखलेली असते. तिचा केशरी रंग आणि उग्र गंध यांच्या खुणेने आत्म्यांना घर सापडते, ही समजूत. हे फूल म्हणजे झेंडू. मराठी घरांच्या दसऱ्याच्या तोरणात मानाने मिरवणारे हे फूल मूळचे मेक्सिकोचेच.

१५२१ मध्ये स्पेनने आस्तेकांचे राज्य जिंकले. त्यानंतर कॅथलिक पंथाचा २ नोव्हेंबरचा मृतस्मरणाचा दिवस तेथे रुजला. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबेही तो पाळतात. सणात जुने किती आणि स्पेनहून आलेले किती, यावर पंडितांचा वाद आहे. मेज मांडणाऱ्या गृहिणीला त्याचे सोयरसुतक नसते.

मेक्सिको सिटीतील भव्य मिरवणूक मात्र अगदी अलीकडची. जेम्स बाँडच्या २०१५ च्या चित्रपटात ती प्रथम दिसली. तशी मिरवणूक तेथे तोवर निघतच नव्हती. पडद्यावरचे पाहून २०१६ मध्ये ती खरोखरीच काढण्यात आली. घरच्या मेजावरच्या मृताला नाव असते, चेहरा असतो. रस्त्यावर नाचणारे सांगाडे कोणाचेच नसतात. तेव्हा हा नुसता देखावा, असे म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकत होते असे नाही.

१९ सप्टेंबर २०१७ रोजी मेक्सिकोत भूकंप झाला. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीच्या मिरवणुकीच्या अग्रभागी शिरस्त्राणे व कुदळी जोडून केलेली एक प्रचंड वळलेली मूठ होती. ढिगाऱ्याखालची क्षीण हाक ऐकू यावी म्हणून बचाव करणारे लोक मूठ उंचावीत, आणि तत्क्षणी सारा रस्ता निःशब्द होई.