भाषकांचे ऋण फेडणारा अभ्यास



केल्टिक भाषा, साहित्य आणि संस्कृती यांच्या विद्यापीठीय अभ्यासावरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे एडिनबरा शहरात मनःपूर्वक स्वागत करतो.

ही परिषद इथे भरावी, यात औचित्य आहे. 1872 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शालेय शिक्षण सक्तीचे झाले. पण त्या कायद्यात गेलिक या तिथल्या केल्टिक भाषेचा उल्लेखही नव्हता. डोंगराळ भागातली आणि बेटांवरची मुले घरी जी भाषा बोलत, तिला वर्गात थारा उरला नाही. त्याच काळात इथल्या विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी केल्टिकच्या अध्यासनासाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडले. गेलिक ही त्यांची मातृभाषा नव्हती. ती त्यांनी प्रौढपणी आत्मसात केली होती. त्यांनी सुमारे 12,000 पौंड उभे केले आणि 1882 मध्ये अध्यासन सुरू झाले. पहिले प्राध्यापक डोनाल्ड मॅकिनन हे कोलनसे बेटाचे सुपुत्र. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या विषयाने लोकांशी नाते तोडता कामा नये.

हा अभ्यास चिकाटी मागतो. सेंट गॅलच्या ग्रंथालयातले नवव्या शतकातले लॅटिन व्याकरणाचे हस्तलिखित पाहा. ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत आयरिश लेखकांनी बारीक अक्षरात स्वतःच्या भाषेत अर्थ लिहून ठेवले आहेत. समासात वाईट शाईबद्दलची कुरकुरही आहे. अशा टिपा तपासून योहान कास्पार झॉइस यांनी 1853 मध्ये केल्टिक भाषांचे व्याकरण सिद्ध केले आणि या विषयाला शास्त्रीय पाया मिळाला. व्हिटली स्टोक्स तर भारतात कायदेविषयक सेवेत असतानाही जुन्या आयरिश मजकुराचे संपादन करत राहिले. त्यांचे ‘गोइडिलिका’ 1866 मध्ये कलकत्त्यात छापले गेले.

हस्तलिखितांइतकाच मोलाचा बोलणाऱ्यांचा आवाज. 1951 मध्ये इथे ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ सुरू झाले, तेव्हा राझे बेटाचे कॅलम मॅक्लीन गावोगावी जाऊन वृद्धांच्या कथा टिपू लागले. कर्करोगामुळे हात गमावल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. या संस्थेच्या संग्रहातली कितीतरी ध्वनिमुद्रणे आज कुणालाही घरबसल्या ऐकता येतात.

2022 च्या जनगणनेत गेलिकचे थोडेफार ज्ञान असणारे सुमारे 1 लाख 30 हजार लोक नोंदले गेले. आधीच्या जनगणनेपेक्षा हा आकडा मोठा आहे. मात्र गेलिकचा बालेकिल्ला असलेल्या पश्चिमेकडील बेटांवर गेलिक जाणणाऱ्यांचे प्रमाण घटले. म्हणून माझी विनंती आहे, की इथल्या प्रत्येक चर्चेत एक प्रश्न आवर्जून विचारावा: आपल्या संशोधनातले काय त्या बेटांवरच्या शाळेत पोहोचेल? शब्दसंग्रह, संपादित कथा, शिकवता येईल असा धडा, काहीही चालेल. पण ते पोहोचले पाहिजे.

या परिषदेसाठी राबणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवकांचे आणि देणगीदारांचे मी आभार मानतो. तरुण अभ्यासकांनी निःसंकोच बोलावे, ज्येष्ठांनी त्यांना हात द्यावा. पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि परिषदेला सुयश चिंततो.