'स्कूल' म्हणजे सवड



'स्कूल' हा इंग्रजी शब्द आता खेड्यापाड्यांतही कुणाला परका राहिलेला नाही. इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेली आजीसुद्धा 'नातू इस्कुलात गेलाय' असे सहज सांगते. या रोजच्या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, ते आज पाहू.

मूळ शब्द ग्रीकांचा. त्यांच्या भाषेत 'स्खोले' म्हणजे सवड, मोकळा वेळ. ऐकून नवल वाटेल! शाळा म्हटली की आपल्यापुढे घंटा, पाढे आणि परीक्षा उभी राहते; सवड तेवढी दिसत नाही. पण पोटापाण्याच्या उद्योगातून मोकळा झालेला माणूस चार शहाण्यांशी बोलतो, प्रश्न विचारतो, विचार करतो. म्हणून सवडीचे नाव आधी त्या चर्चेला मिळाले आणि मग चर्चेच्या जागेला. उलट, कामधंद्याला ते 'अस्खोलिया' म्हणत. आपल्या 'असत्य', 'अशक्य' या शब्दांतला नकाराचा 'अ' तिथेही आहे, बरं का! धंदा म्हणजे काय, तर सवड नसणे.

ग्रीकांचा शब्द रोमन लोकांनी घेतला. लॅटिनमध्ये तो 'स्कोला' झाला आणि तिथून जुन्या इंग्रजीत उतरला. 'स्कॉलर', 'स्कॉलरशिप' ही त्याच घरची मंडळी. मुले विचारतात, 'गुरुजी, स्पेलिंगात एच कशाला? त्याचा उच्चार तर होत नाही!' तो एच ही लॅटिन स्पेलिंगाची खूण आहे. माशांच्या झुंडीलाही इंग्रजीत 'स्कूल' म्हणतात, पण तो शब्द डच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ जमाव. नाव एक, गोत्र निराळे.

शिक्षक मित्रांनी दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावीत. गोपाळ शिकायला जातो, तेव्हा 'गोपाळ गोज टु स्कूल'. त्याचे वडील दाखला आणायला जातात, तेव्हा 'हिज फादर वेंट टु द स्कूल'. पहिल्या वाक्यात 'द' नाही, कारण तिथे बोलणे शिकण्याविषयी आहे. दुसऱ्यात 'द' आला, कारण तिथे ती ठरावीक जागा अभिप्रेत आहे.

आपला 'शाळा' हा शब्द संस्कृत 'शाला' वरून आला. शाला म्हणजे घर, दालन. गोशाळा, धर्मशाळा, पाठशाळा या सगळ्यांत तोच आहे. म्हणजे आपला शब्द छप्पर दाखवतो, ग्रीकांचा वेळ दाखवतो. मुलाला दोन्ही हवीत.

मात्र ग्रीसमधली ती सवड सर्वांची नव्हती. गुलाम राबत, म्हणून धन्याला ती मिळे. आपल्याकडेही विद्येची सवड पिढ्यान्‌पिढ्या थोड्यांच्याच वाट्याला आली. म्हणून तर जोतिराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. 'सक्ती' हा शब्द कानाला कडू लागतो खरा. पण लेकराच्या वाट्याची सवड कुणी हिरावून घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

ती आजही हिरावली जाते. पटावर नाव असते, पण सुगीत पोरगा रानात असतो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर पोरे गाव सोडतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला पोरीलाच घरी ठेवतात. गावात शाळेचे छप्पर आहे, पण या मुलांना 'स्कूल' नाही. गरिबी मोठी आहे, हे मान्य. पण घरातल्या कामांची वाटणी करताना आधी लेकराच्या शाळेचा वेळ बाजूला काढावा, मग उरलेले काम वाटावे.

आणि गुरुजी, वर्गात एखाद्याने आडवा प्रश्न विचारला, तर 'भाग संपवायचाय, खाली बस' म्हणू नका. दोन मिनिटे थांबा. त्या दोन मिनिटांचेच नाव ग्रीकांनी शाळेला दिले आहे.