ठसा कुठल्या शिवारातला?



अमेरिकेतल्या कॅसिनोंत पैशाऐवजी ज्या गोल चकत्या टेबलावर फिरतात, त्यांना चिप म्हणतात. आपल्याकडे गोव्यात, मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरही अशा चकत्या चालतात. व्यास साधारण ३९ मिलिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. जुन्या, मानाच्या चकत्या मातीच्या मिश्रणाच्या असत. मिश्रण साच्यात घालायचं, उष्णता आणि दाब द्यायचा, की कडेला साच्याची नक्षी उमटते. पॉलसन नावाच्या कंपनीची नक्षी टोपी आणि काठीची. आता गंमत बघा, या चकत्या जमवणारी माणसं चकतीवरची रक्कम नंतर बघतात. आधी भिंग लावून टोपीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, काठी आखूड आहे की लांब, ते तपासतात, कारण साचा बदलला की काळ बदलतो. कॅसिनो बंद पडला की त्याच्या चकतीवर कोणी छदामही देत नाही, आणि तिथूनच तिचा संग्रह सुरू होतो. १९८८ साली या संग्राहकांनी तिकडे आपला क्लबही काढला.

जालन्याच्या व्यासपीठावर जुगाराच्या चकत्यांचं काय काम, असं आपल्या मनात आलं असेल. जुगाराशी मला कर्तव्य नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की त्या चकतीवर कॅसिनोचं नाव असतं आणि बहुतेक वेळा गावही असतं. ती दहा हात फिरली, तरी कुठली ते विसरत नाही. आपल्या भोकरदनच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, नांगराला लागणाऱ्या शिशाच्या नाण्यावर किंवा खापराच्या तुकड्यावर गावाचं नाव नसतं. ते नाव फक्त तो तुकडा उचलणाऱ्या माणसाला माहीत असतं. त्याने सांगितलं नाही, तर ते कायमचं गेलं.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. केळणेच्या काठचं, उज्जैनहून पैठणला येणाऱ्या व्यापारी वाटेवरचं गाव. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथली माणसं आहेत, त्यांची नावं तिथे दगडात कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला आणि त्याची खूप चर्चा झाली, कारण इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत तशाच घडणीची मूर्ती सापडली होती. पण माझा जीव अडकला आहे तो साध्या वस्तूंत. पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या मूर्ती, पोटात पोकळ, पुढचा अर्धा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात दाबून जोडलेल्या. बाजूने बोट फिरवलं तर जोडाची रेघ लागते. अशाच मूर्ती तेर, पैठण, नेवासे आणि तेलंगणातल्या कोंडापूरलाही मिळाल्या आहेत.

साचा वापरून झिजतो. आधीच्या मूर्तीच्या डोळ्याच्या कडा टोकदार असतात, नंतरच्या बोथट होत जातात. शिवाय माती भाजली की आकसते. कोणी तयार मूर्तीवरूनच नवा साचा काढला, तर त्यातून निघणारी मूर्ती पहिलीपेक्षा लहान भरते. म्हणजे दोन गावांत सारखीच मूर्ती मिळाली आणि एक थोडी लहान, थोडी अस्पष्ट असली, तर मूळ साचा कुठला आणि नक्कल कुठली, याचा माग काढता येतो. कारागीर फिरत होता की साचा फिरत होता, हा प्रश्न विचारता येतो. पण त्यासाठी दोन्ही मूर्ती कुठे सापडल्या ते ठाऊक पाहिजे.

नाण्यांचंही तेच. बिरबल साहनी हे वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक. १९३६ साली रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर त्यांना यौधेय या प्राचीन गणराज्याच्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले. त्यांनी ते इतक्या बारकाईने तपासले की १९४५ साली प्राचीन भारतातल्या नाणी ओतण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मातीच्या चकत्यांवर खऱ्या नाण्याचा ठसा घ्यायचा, चकत्या उतरंडीसारख्या एकावर एक रचायच्या, बाहेरून मातीने लिंपायच्या आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. तो पन्हाळींतून प्रत्येक खोबणीत जातो. गार झालं की साचा फोडायचा. साचा एकदाच कामाला येई, म्हणूनच टांकसाळीच्या जागी त्याचे तुकडे ढिगाने सापडतात. कोंडापूरलाही असे साचे निघाले. मातीचा तो फुटका तुकडा बाजारात कोणी विकत घेणार नाही. तरी इथे नाणी ओतली जात होती, एवढं तो एकटा सिद्ध करतो, आणि ते काम सोन्याची शंभर नाणीही करू शकत नाहीत.

वस्तू कुठे सापडली हे जसं महत्त्वाचं, तसंच ती कशाबरोबर सापडली हेही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी १३,२५०. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. शत्रूचं नाणं वितळवलंसुद्धा नाही, त्याच्या चेहऱ्यावरच शिक्का उमटवला. हरलेल्या राजाचं राज्य कसं गेलं, ते त्या नाण्यांवर डोळ्यांनी दिसतं. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा अभ्यासला, तेव्हा त्यांना नहपानाचे चेहरे एकमेकांसारखे दिसेनात. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकांची ठेवणही निराळी. हे त्याच्या कुटुंबातले वेगवेगळे पुरुष असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो पुढे सगळ्यांना पटला नाही. ठसे कोरणारे हात वेगळे असतील, असंही म्हणता येतं. माझ्या दृष्टीने तर्कापेक्षा महत्त्वाचं आहे ते हे, की साठा एकत्र राहिला म्हणून हा वाद करता आला. तीच नाणी एक-एक करून तेरा हजार घरांत गेली असती, तर प्रश्नसुद्धा उभा राहिला नसता.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. १९३९ साली वाशीमकडे तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या पोटीनच्या, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाच्या सुमारे १,६०० नाण्यांचा साठा मिळाला. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो वाचला. या नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती असतो आणि भोवती राजाचं नाव. पण ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एका नाण्यावर नावातली तीन अक्षरं येतात, दुसऱ्यावर पुढची चार. पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच मिळतं. एकाच राजाची कितीतरी नाणी शेजारी ठेवून अक्षरं जुळवावी लागतात. अशा जुळवणीतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावं बाहेर आली. सुटं नाणं घेऊन बसलेल्याला त्यातलं एकही नाव वाचता आलं नसतं.

संग्राहकांवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्राहकच होते. त्यांनी आपल्या गावच्या पांढरीतल्या हजारो वस्तू गोळा केल्या, त्या गावातच ठेवल्या आणि शेवटी शासनाच्या हवाली केल्या. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्याचा ठसा मातीत दाबून, वर भोक पाडून केलेली पदकं दख्खनच्या या गावांतून मिळतात. सोन्याचं परदेशी नाणं ज्याला परवडत नव्हतं, तो त्याचा मातीतला ठसा गळ्यात घालत असावा. असं पदक असो वा दुसरं काही, तेरच्या संग्रहालयातली वस्तू तेरची आहे, याबद्दल कोणाला शंका येत नाही. लामतुरे यांचं खरं मोठेपण मला त्यात दिसतं.

राग आहे तो व्यवहाराच्या रीतीवर. दुर्मीळ ठशाचं नाणं असलं की दलाल ते साठ्यातून वेगळं काढतो. बाकीची घासून लखलखीत केली जातात, त्यावरची माती जाते आणि मातीबरोबर पुरावा जातो. चिठ्ठीवर गाव लिहिलेलं नसतं, कारण लिहिलं तर विचारणा होईल. पुढे हेच नाणं एखाद्या चांगल्या संग्रहात जातं, त्याचा सुबक फोटो छापतात, आणि खाली लिहितात 'दख्खन'. भोकरदन, पैठण, नेवासे, तेर, सगळं त्या एका शब्दात बुडून जातं.

कायद्याची भीती बरीच आहे, म्हणून तोही सांगतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कळवल्याने सगळं जप्त होतं आणि हातात काही उरत नाही, हा समज खरा नाही. मालक कोणी ठरला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला, अशी त्यात तरतूद आहे. शासनाने ठेवा स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश रक्कम जादा द्यावी लागते. लपवला तर मात्र हा हक्कही जातो आणि शिक्षाही होते. ही माहिती ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवली, तरी सोनाराच्या मुशीत जाणारी कितीतरी नाणी वाचतील.

आज इथे भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगीकडची मंडळी आलेली आहेत. ज्यांची शेतं पांढरीला लागून आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नांगरताना नाणं, मूर्ती किंवा ठसा असलेलं खापर लागलं, तर ते धुऊ नका, घासू नका. जागेवरच फोनवर फोटो काढा. कागदावर गावाचं नाव, गट नंबर, किती खोल आणि शेजारी काय होतं ते लिहा. एकाहून जास्त वस्तू असतील तर एकही वेगळी करू नका. आणि तो कागद वस्तूबरोबर ठेवून तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.