डोक्यावरची तार आणि रूमवरचा बोर्ड

हेडफोन लावून पनवेल लोकलमध्ये बसला असाल, तर आजचं गणित तुमच्या डोक्यावरच्या तारेतलं आहे.

सूत्रं दोनच. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, वॅटमध्ये. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, ओहममध्ये.

भारतातली पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली. तीही आपल्या हार्बरवरच, 1500 व्होल्ट डीसीवर! 2016 मध्ये हार्बर 25,000 व्होल्ट एसीवर आली. का? समजा, गाडीला 30 लाख वॅट हवेत. 1500 व्होल्टला करंट लागतो 2000 अँपिअर. 25,000 ला, ढोबळमानाने, फक्त 120. आता तारेत उष्णता होऊन वाया जाणारी पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले तारेचा रेझिस्टन्स. करंट सुमारे 17 पट कमी झाला, की त्याच तारेतलं नुकसान जवळपास 280 पट कमी!

हाच वर्ग घरात मात्र उलटा अंगावर येतो. पाण्याचा रॉड 1500 वॅट, इस्त्री 1000. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले, तर 2500 भागिले 230, म्हणजे साधारण 11 अँपिअर. बोर्ड असतो 6 चा! त्यात पिन सैल असेल आणि तिथे अर्धा ओहम रेझिस्टन्स धरला, तर 11 गुणिले 11 गुणिले अर्धा, म्हणजे 60 वॅट. जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, त्या एवढ्याशा प्लास्टिकमध्ये. आग इथूनच लागते.

म्हणून रॉड थेट भिंतीवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा. आणि आज रूमवर गेलात, की आधी तुमच्या बोर्डावरचा अँपिअरचा आकडा वाचा.